आयसीयूत औषध चुकू नये म्हणून आत नक्की काय करतात? (आणि आपण बाहेर बसून काय करायचं?)

गंगावेसकर | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, वडील (७१) सहा दिवस झाले आयसीयूत आहेत, कोल्हापुरातच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण अजून आतच आहेत आणि खरं सांगायचं तर तिथली माणसं वाईट नाहीत. न्यूमोनिया झालाय, शुगर जुनी, शिवाय ठोके अनियमित म्हणून चार वर्षं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

परवा संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी आत होतो. एक सिस्टर ट्रे घेऊन आल्या, सिरिंज भरलेली, म्हणाल्या "पाटील ना?" वडील गुंगीत, त्यांनी मान हलवली. मी पण म्हणालो हो. आम्ही पाटीलच आहोत ना. त्यांनी औषध सोडायच्या आधी वडिलांच्या मनगटाची पट्टी फिरवून बघितली आणि थांबल्या. "हे चार नंबरच्या पाटलांचं आहे" म्हणाल्या आणि गेल्या. दहा सेकंदांचा खेळ.

तेव्हापासून झोप नाही. कोल्हापुरात दहा बेडच्या आयसीयूत दोन पाटील म्हणजे काय नवल, तीन पण निघतील. त्या सिस्टरना दोष देत नाही, त्यांनी बघितलं म्हणून वाचलो. पण "हो" मी म्हणालो होतो, हे डोक्यातनं जात नाही. तर आत काम करणारं कुणी असेल तर सांगा, हे चुकू नये म्हणून काय पद्धत असते? आणि नातेवाईकानं काय करावं, काय करू नये?

रस्सा_मंडळ | रात्री ११:५२

भावा आधी वडिलांना आराम पडूदे. आणि पाटलांचं म्हणशील तर आमच्या गल्लीत पोस्टमन पण हात टेकतोय.

इचलकरंजीकर | रात्री ११:५८

लेखी तक्रार टाका उद्याच्या उद्या. एकदा माफ केलं की पुढच्या वेळी जीव जातो. आमच्याकडं मागावर सूत चुकलं तर कामगाराचा पगार कापतात, हितं तर माणूस आहे. चुकणाऱ्याला घरी बसवल्याशिवाय सुधारणा होत नसते.

नाईट_ड्युटी | बुधवार, पहाटे ३:१५

मी आयसीयूत सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली, आत्ता ब्रेकमध्ये लिहितो. गंगावेसकर दादा, त्या सिस्टरनी जे केलं तीच पद्धत. नाव विचारायचं खरं, पण "पाटील ना?" असं न्हाई विचारायचं, "तुमचं पूर्ण नाव काय" असं विचारायचं, म्हणजे पेशंटला नुसतं हो म्हणता येत न्हाई. गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो. म्हणून नाव आणि पट्टीवरचा नोंदणी नंबर, दोन्ही शीटशी जुळवायचं. बेड नंबर ही ओळख धरायचीच न्हाई, रात्रीत बेड बदलतात.

आता माझीच गोष्ट सांगतो, दवाखाना दुसरा होता. नोकरीचं दुसरं वर्ष. पहाटेची वेळ, एका आजींची लाईन, म्हणजे शिरेतली नळी, पाणी सोडून साफ (फ्लश) करायची होती. डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यात हात घातला, १० मिलीची ॲम्प्यूल काढली, तोडणार तेवढ्यात वाचलं. पोटॅशियम क्लोराईड. कुणीतरी उरलेली ॲम्प्यूल परत ठेवताना चुकीच्या खोक्यात टाकली होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पारदर्शक पाणी. ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी, त्या एका ॲम्प्यूलमध्ये १५ टक्क्याचं औषध असतंय, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. ते सलाईनमध्ये मिसळून तासाला थोडं थोडं सोडायचं असतंय. तसंच शिरेत ढकललं तर हृदय थांबतंय. मॉनिटरवर बघत बसायचं फक्त.

मी वाचलं ते काय हुशारीनं न्हाई. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी पहिल्याच महिन्यात सवय लावली होती, लेबल तीनदा वाचायचं: कपाटातनं काढताना, भरताना, आणि रिकामी ॲम्प्यूल टाकताना. तोंडानं, ऐकू येईल असं. आम्ही मागनं त्यांना हसायचो. त्या रात्री नंतर हसलो न्हाई.

पुणेरी_पाटी | सकाळी ८:०५

अनुभव भयंकर आहे. पण एक शंका, सिस्टर आणि "लिहितो, सांगतो, हसलो"? ताई की दादा?

रस्सा_मंडळ | सकाळी ८:११

पुण्याचं पाहुणं आलं वाटतं. अहो कोल्हापूरच्या बायका "मी येतो, मी जातो"च म्हणतात. माझी आई पण "जेवलो मी" म्हणते. आता धागा चालूदे.

इचलकरंजीकर | सकाळी ८:४०

ताई, मग ती ॲम्प्यूल चुकीच्या खोक्यात टाकणाऱ्याचं काय झालं? शिक्षा झाली का न्हाई?

नाईट_ड्युटी | सकाळी ९:२०

ड्युटी संपली, आता निवांत लिहितो. कुणी टाकली ते कधीच कळलं न्हाई. आणि कळलं असतं तरी काय, तिला काढली असती, तिच्या जागी नवीन पोरगी आली असती आणि दोन्ही खोकी शेजारी शेजारीच राहिली असती. मी इन्चार्जना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोटॅशियम वॉर्डाच्या ट्रेमधनं उचललं, वेगळ्या कप्प्यात, कुलूप, वर लाल पट्टी, वहीत सही करूनच काढायचं. उपाय तो. सांगितलं म्हणून झाला. पगार कापणार असते तर मी गप खिशात टाकून घरी गेलो असतो.

आयसीयूवाला_डॉ | सकाळी १०:३०

सिस्टरांशी शंभर टक्के सहमत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच सांगितलंय की घट्ट पोटॅशियमसारखी द्रावणं वॉर्डात मोकळी ठेवू नका. आपल्याकडं अजून कितीतरी ठिकाणी ती क्रॅश कार्टवर, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या गाडीवर, सलाईनच्या शेजारी असतात.

थोडी आकडेवारी देतो, घाबरवायला नाही. २००९ मध्ये एक अभ्यास आला, २७ देशांतले ११३ आयसीयू, १३२८ पेशंट, फक्त एका दिवसाची नोंद, तीही स्टाफनं स्वतः केलेली. शिरेतून वगैरे द्यायच्या औषधांत ८६१ चुका, ४४१ पेशंटांच्या बाबतीत. बहुतेकांना काही झालं नाही, पण १२ जणांना कायमचं नुकसान झालं किंवा मृत्यूला ती चूक कारणीभूत ठरली. आणि यातल्या जवळपास तीन चतुर्थांश चुका "भलतं दिलं" अशा नव्हत्या, "द्यायचंच राहिलं किंवा वेळेवर गेलं नाही" अशा होत्या. आपण भलत्या इंजेक्शनला घाबरतो आणि दुपारी दोनचा अँटिबायोटिक सीटी स्कॅनला गेल्यामुळं राहिला तर विचारतसुद्धा नाही.

आयसीयूतच का जास्त? कारण एकेका पेशंटला पंधरा-वीस औषधं, निम्मी पंपावर (ठरल्या वेगानं औषध सोडणारं यंत्र), डोस वजनावर आणि दर तासाला बदलणारा. नॉरॲड (पडलेलं बीपी वर ठेवायचं औषध) एका हॉस्पिटलात सिंगल स्ट्रेंथ, दुसरीकडं डबल, म्हणजे दुप्पट घट्ट. डॉक्टर दोन्हीकडं जाणारा एकच. तो फोनवर सांगतो "पाचवर ठेवा", आता पाच कशाचं? आमच्याकडं शेवटी भिंतीवर तक्ता लावला, प्रत्येक औषधाचं एकच प्रमाण, ५० सीसीत किती ते ठरलेलं, कुणाच्या सोयीसाठी बदलायचं नाही. मोठे सर पण अपवाद नाहीत. पहिला महिना भांडणं झाली.

अंबप_ते_अमेरिका | सकाळी ११:१५

इकडं सगळं मशिनवर आहे, बारकोड स्कॅन केल्याशिवाय औषध निघत नाही. भारतात हे आलं की प्रश्न मिटेल.

पंप_मेकॅनिक | सकाळी ११:५०

मिटत नाही हो. मी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. भारी सिरिंज पंपात औषधांची यादी भरलेली असते, अमुक औषध अमुक मर्यादेच्या वर गेलं की पंप ओरडतो, नाहीतर चालूच होत नाही. पण मी सर्व्हिसिंगला जातो तेव्हा दहातले सहा-सात पंप साध्या मोडवर, नुसतं तासाला किती मिली एवढं दाबायचं. कारण यादीत शोधायला चार बटणं जास्त. मग ५ च्या जागी ५० दाबलं तरी पंप बिचारा ५० नंच सोडणार, त्याला काय माहीत आत नॉरॲड आहे का नुसतं सलाईन.

आणि अमेरिकेचं म्हणाल तर नॅशव्हिलची २०१७ ची केस वाचा. स्कॅनच्या आधी पेशंटला शांत करायचं औषध द्यायचं होतं, नर्सनं कपाटाच्या मशिनवर नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, आलं नाही म्हणून इमर्जन्सीचं बटण दाबून पहिलं दिसलं ते काढलं. ते निघालं व्हेक्युरोनियम, सगळे स्नायू लुळे करणारं. बाई गेल्या. मशिन होतं की तिथं.

इचलकरंजीकर | दुपारी १२:०५

मग त्या नर्सला सोडलं का?

पंप_मेकॅनिक | दुपारी १२:१८

नाही. लायसन गेलं, खटला चालला, २०२२ मध्ये दोषी ठरली, तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंग नाही पण कोर्टाची देखरेख. तिनं चूक लगेच स्वतः कबूल केली होती. मग तिथल्या नर्सांच्या संघटनांनीच ओरड केली की असं केलंत तर उद्यापासून कुणी सांगणार नाही. तुम्ही आणि नाईट ड्युटी ताई सकाळी जे भांडलात तेच.

कोर्टकचेरी | दुपारी १:३०

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडं २००५ साली सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा धरायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा. आणि पेशंटची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, हे डॉक्टरांच्या नियमावलीतच आहे. पण दादा, तुमच्या बाबतीत चूक झालेलीच नाही, होता होता अडवली गेलीय. यावर तक्रार टाकलीत तर पट्टी बघणाऱ्या बाईलाच शिक्षा होईल.

मेडिकल_स्टोअर_कागल | दुपारी २:१०

आमच्या बाजूनं पण ऐका. चिठ्ठीवरचं अक्षर. २०१६ पासून नियम आहे, औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात. पाळणारे पाळतात. बाकीच्यांचं आम्ही अनुभवानं वाचतो, आणि अनुभवानं वाचणं म्हणजे अंदाज.

इन्सुलिनचा घोळ तर रोजचा. बाटलीतलं इन्सुलिन मिलीला ४० युनिटचं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. लाल टोपीची सिरिंज ४० वाली, केशरी टोपीची १०० वाली. पेन बिघडलं म्हणून एका काकांनी कार्ट्रिजमधनं लाल टोपीच्या सिरिंजनं नेहमीच्या खुणेपर्यंत औषध ओढलं. अडीच पट डोस गेला. मुलानं साखरपाणी पाजलं, मग उचलून नेलं. घरी हे, तर आयसीयूत घाईत काय होत असेल.

आयसीयूवाला_डॉ | दुपारी २:४५

म्हणून आम्ही "युनिट" पूर्ण शब्द लिहायला लावतो. नुसतं यू काढलं की ते शून्यासारखं दिसतं, १० चे १०० होतात. ५ लिहायचं तर ५.० लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की पन्नास. आणि .५ असं उघडं टिंब नाही, ०.५ लिहा.

कागलकर, तुमच्या लोकांची आम्हाला आत गरज आहे. बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूच्या सकाळच्या राउंडला फार्मासिस्ट बरोबर नेला, १९९९ चा अभ्यास आहे, औषधं लिहितानाच्या चुकांनी होणारं टाळता येण्यासारखं नुकसान दोन तृतीयांशानं कमी झालं. यंत्र नाही, एक माणूस. किडनी बिघडलेल्याला तोच डोस चाललाय हे तो तिथल्या तिथं बोलतो. आपल्याकडं फार्मसीवाला म्हणजे तळमजल्यावरची खिडकी.

रस्सा_मंडळ | दुपारी ३:२०

मला यातलं काय कळत न्हाई पण एक सांगतो. मिसळीच्या हाटेलात पोऱ्या ओरडतोय "तीनला दोन मिसळ, एक कट कमी!" आतनं भटारी तेच परत ओरडतोय. मग पोऱ्या "व्हय" म्हणतोय. तीस वर्षांत माझी मिसळ चुकली न्हाई. दवाखान्यात फोनवर सांगतात ते कुणी परत ओरडतंय का?

नाईट_ड्युटी | दुपारी ४:००

रस्सा भाऊ, नाद खुळा! ट्रेनिंगला आम्हाला हेच शिकवतात. तोंडी ऑर्डर आली की लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची, समोरच्यानं बरोबर म्हटल्यावरच द्यायचं. "पंधरा" आणि "पन्नास" फोनवर आकडा आकडा सुटा करून म्हणायचं, एक-पाच, पाच-शून्य. पण रात्री दोनला झोपेतल्या साहेबांना परत वाचून दाखवलं की "अगं कळलं की, ठेव" म्हणतात. तुमचा भटारी तसं म्हणत नसेल.

आणखी एक. इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम, नॉरॲड ह्यांना दोन जणींनी तपासायचं असतंय. खरं तपासणं म्हणजे दुसरीनं शीट बघून स्वतः वेगळा हिशोब करायचा. होतंय काय, मी म्हणतो "दहा युनिट, बघ गं", ती लांबनंच म्हणते "हां दहा". सही दोघींची, डोकं एकीचं. हे होतंय, कारण ती पण तीन पेशंट बघत असते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर पाहिजे. किती ठिकाणी मिळते ते विचारू नका.

गंगावेसकर | संध्याकाळी ६:३५

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. वडील आज थोडे जागे आहेत, ऑक्सिजन कमी केलाय. माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला, आम्ही बाहेरच्यांनी काय करायचं?

नाईट_ड्युटी | संध्याकाळी ७:१०

सांगतो, राग मानू नका. औषध भरत असताना हाक मारू नका. मला एका तासात दाराची बेल, लॅबचा फोन, "सिस्टर, आमच्या बाबांना पाणी चालेल का", आणि त्यात एखादा ओळखीच्यांचा फोन घेऊन येतो "नगरसेवक बोलतील". सिरिंज अर्धी भरलेली हातात असते. परत वळल्यावर पाच मिली ओढलं होतं का दहा, आठवत न्हाई. मी तरी अशी सिरिंज टाकून देतो आणि नवी भरतो. सगळेच टाकत न्हाईत.

आयसीयूवाला_डॉ | संध्याकाळी ७:३०

याला पुरावा आहे. सिडनीत नर्सांच्या मागं फिरून हजारो डोस बघितले, २०१० साली छापून आलं, दर एका व्यत्ययामागं चुकीचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत जातं. काही ठिकाणी औषध भरणारी नर्स लाल जॅकेट घालते, "बोलू नका" लिहिलेलं. आम्ही फरशीवर लाल पट्टी मारलीय, तिच्या आत उभी असेल तर मी पण बोलत नाही. बहुतेक वेळा.

गंगावेसकर | संध्याकाळी ७:५५

हे वाचून गप्प झालो. त्या दिवशी ती सिस्टर आमच्याकडं यायच्या आधी टेबलावर काहीतरी भरत होती, तेव्हा मीच दोनदा विचारलं होतं, "सिस्टर, बाबांचा रिपोर्ट आला का?" दोनदा. पहिल्यांदा मान वर न करता थांबा म्हणाली, म्हणून परत विचारलं.

रस्सा_मंडळ | रात्री ८:०२

लावून घेऊ नको भावा. सगळेच विचारतात.

मेडिकल_स्टोअर_कागल | रात्री ८:२०

करायचं काम एकच सांगतो, पण नीट करा. घरी जो गोळ्यांचा डबा आहे, पिशवी आहे, सगळीच्या सगळी नेऊन दाखवा. चिठ्ठी नको, पाकिटं. अर्धी गोळी घेत असतील तर अर्धी सांगा. काढा, वैदूची पुडी, गुडघ्यासाठी घेतलेली दुखायची गोळी, सगळं. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याला हे लपवून चालत नाही. आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती तोंडी सांगून थांबू नका, केसपेपरवर लिहिलेली डोळ्यांनी बघा.

गंगावेसकर | शनिवार, रात्री ९:१५

बाबा घरी आलेत! आधी वॉर्ड, मग आज दुपारी डिस्चार्ज. निघताना चार नंबरच्या पाटलांच्या मुलाला भेटलो, ते पण सुधारतायत, गडहिंग्लजकडचे आहेत. त्या सिस्टरना भेटून आभार मानले तर त्या दचकल्याच, त्यांना वाटलं तक्रार करायला आलोय. म्हणाल्या की त्यांनी स्वतःच वहीत लिहून दिलं होतं आणि आता एका आडनावाचे दोन पेशंट असले की दोन्ही फायलींवर पिवळा स्टिकर लावतात.

कागलकरांचं ऐकून डबा दाखवायला नेला होता, तो तसाच परत आणला. आत्ता डिस्चार्ज कार्ड आणि डबा समोर घेऊन बसलोय. कार्डावर बीपीची गोळी सकाळी एक. डब्यात जुनी बीपीची गोळी आहेच, नाव वेगळं, कंपनी वेगळी. पण पाकिटावर खाली बारीक अक्षरात मूळ औषध दोन्हीवर एकच दिसतंय. आई म्हणते दोन्ही द्यायच्या, जुनी पण "डॉक्टरांनीच" दिलेली आहे. सोमवारी दाखवायला जायचंय तेव्हा विचारू का?

नाईट_ड्युटी | रात्री ९:२२

सोमवारपर्यंत थांबू नका. सकाळच्या गोळीच्या आधी कळायला पाहिजे. कार्डावर दवाखान्याचा नंबर असेल, आत्ता फोन करा, आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, असतात रात्री. दोन्ही पाकिटांवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा. आणि ते काय सांगतील ते परत वाचून दाखवा, रस्सा भाऊंच्या भटाऱ्यासारखं.

गंगावेसकर | रात्री ९:५०

केला. एकच द्यायची, नवी. जुनी पाकिटं आईच्या समोर डब्यातनं काढली. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस पण बदललाय म्हणाले, अर्धीची पाव केलीय, बुधवारी रक्त तपासून पुढचं. परत वाचून दाखवलं तर म्हणाले, "कुणी शिकवलं हे?"

रस्सा_मंडळ | रात्री ९:५३

मग काय सांगितलंस?

गंगावेसकर | रात्री ९:५५

मिसळीच्या हाटेलात.